नीडफुलाची तजवीज

लंडनमध्ये संगणकाच्या एका कंपनीत नोकरीस असलेल्या माझ्या भाच्याचा गेल्या महिन्यात रात्री अकराच्या सुमारास फोन आला, आणि एरवी माझा रक्तदाब, मामीचे गुडघे व पुण्यातील पाऊस या तीन विषयांची क्रमवार विचारपूस केल्यावाचून स्वतःच्या कामाकडे न वळणाऱ्या त्या सुशील मुलाने या खेपेस प्रास्ताविकाला सपशेल फाटा देऊन विचारले, "मामा, 'प्लीज डू द नीडफुल' हे इंग्रजी चुकीचं आहे का हो?" स्वर जिज्ञासूचा नव्हता, फिर्यादीचा होता. हकिकत अशी की, कुठल्याशा दुरुस्तीसंबंधी एक पत्र त्याने आपल्या कचेरीतील एका तरुण इंग्रज सहकाऱ्याकडे धाडले आणि, आपण सर्वच जण घालतो त्याप्रमाणे, शेवटी हे वाक्य घातले. तेव्हा तो सहकारी जातीने उठून त्याच्या टेबलाशी आला व अत्यंत सौजन्याने म्हणाला, की पत्र मिळाले, परंतु हे नीडफुल म्हणजे नेमके काय, आणि ते कुठे ठेवलेले असते? शेजारी बसणाऱ्या बाईंनी हसू आवरीत सांगितले म्हणे, की असले इंग्रजी आपण केवळ पणजोबांच्या ट्रंकेत सापडलेल्या पत्रांत वाचले होते. "आणि हे वाक्य मला तुम्हीच शिकवलंत," भाचा म्हणाला. "आठवीत मला गोवर आला होता तेव्हा रजेचा अर्ज तुम्ही लिहून दिला होतात."

आरोप खरा होता. १९६७ साली तालुक्याच्या एका कचेरीत कारकून म्हणून मी रुजू झालो तेव्हापासून सेवानिवृत्तीच्या दिवसापर्यंतच्या चौतीस वर्षांत मी हे वाक्य किती वेळा लिहिले असेल याची मोजदाद करणे म्हणजे आयुष्यात किती वेळा शिंकलो याचा हिशेब देण्यासारखे आहे. आणि शिंकेप्रमाणेच ते लिहिताना माझे डोळेही बहुधा मिटलेलेच असत. तथापि तडकाफडकी कबुलीजबाब देणे हे कचेरीत मुरलेल्या माणसाच्या प्रकृतीला मानवत नसल्यामुळे मी शिरस्त्याप्रमाणे रविवारपर्यंतची मुदत मागून घेतली आणि प्रकरण चौकशीस घेतले.

चौकशीअंती जे निष्पन्न झाले ते असे, की हे वाक्य चुकीचे तर नाहीच, उलट चांगले खानदानी आहे. 'नीडफुल' हा शब्द इंग्रजीत मध्ययुगापासून नांदत आलेला असून, १६११ साली पहिल्या जेम्स राजाच्या आज्ञेने बायबलाचे जे भाषांतर सिद्ध झाले त्यात तो प्रत्यक्ष येशू ख्रिस्ताच्या मुखी घातलेला आहे. प्रसंग मोठा घरगुती आहे. येशू दोघी बहिणींच्या घरी उतरला असता एक त्याच्या पायाशी बसून उपदेश ऐकत राहिली, आणि दुसरी, जिचे नाव मार्था, ती स्वयंपाकपाण्यात एकटी राबून राबून अखेर वैतागून बाहेर आली व म्हणाली, की हिला मला मदत करायला सांगा. त्यावर प्रभूंनी तिला समजावले, की बाई गं, तू पुष्कळ गोष्टींची काळजी वाहतेस, परंतु नीडफुल अशी गोष्ट एकच आहे. ती गोष्ट कोणती, हे मात्र त्यांनी स्पष्ट शब्दांत सांगितले नाही. आणि त्यामुळे ती कोणती असावी यावर ख्रिस्ती टीकाकारांच्या अनेक पिढ्यांचा उदरनिर्वाह झाला. श्रद्धाळू ख्रिस्ती बांधवांची क्षमा मागून माझ्यातला कारकून एवढेच नमूद करू इच्छितो, की या शब्दाची प्रकृती आरंभापासूनच अशी आहे. तो आवश्यकतेचा उच्चार करतो, आणि आवश्यक काय ते ऐकणाऱ्याच्या बुद्धीवर सोपवतो. मार्थाच्या भाकरीचे पुढे काय झाले, याचाही उल्लेख नाही.

पुढे अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत 'डू द नीडफुल' हा प्रयोग इंग्लंडातील व्यापाऱ्यांच्या, वकिलांच्या व कारकुनांच्या लेखणीतून वाहू लागला, आणि ज्या गलबतांतून मँचेस्टरचे कापड आले त्याच गलबतांतून या धाटणीचे इंग्रजीही आपल्या बंदरांत उतरले. आपल्याकडे हे इंग्रजी पाठवणाऱ्या लंडनच्या कचेरीतील कारकून काही सामान्य असामी नव्हते, हे येथे अभिमानाने नमूद केले पाहिजे. ईस्ट इंडिया कंपनीच्या लेडनहॉल स्ट्रीटवरील त्या वास्तूत चार्ल्स लॅम हा इंग्रजी निबंधकारांचा मुकुटमणी १७९२ पासून १८२५ पर्यंत तेहतीस वर्षे हिशेबाच्या वह्या लिहीत बसला होता, आणि आपले खरे समग्र वाङ्मय म्हणजे त्या कचेरीच्या फळ्यांवरील वह्या होत, असे तो स्वतःच विनोदाने म्हणत असे. तर स्वातंत्र्यावरील सुप्रसिद्ध निबंध लिहिणारा जॉन स्टुअर्ट मिल हा त्याच कचेरीत पस्तीस वर्षे हिंदुस्थानला धाडावयाच्या खलित्यांचे मसुदे करीत होता. माणसाच्या स्वातंत्र्याविषयीचे ते पुस्तक त्याने १८५९ मध्ये, म्हणजे कंपनीची नोकरी सुटल्याच्या दुसऱ्याच वर्षी, प्रसिद्ध केले. यातील कार्यकारणभाव सरकारी नोकरांना निराळा समजावून सांगण्याची गरज नाही.

मग बिनसले कुठे? बिनसले ते इंग्लंडातच. तेथील लोकांनी आपले कपडे जसे आखूड करीत आणले तशीच पत्रेही आखूड केली. १९४८ साली सर अर्नेस्ट गॉवर्स या वयोवृद्ध सनदी अधिकाऱ्याने, जो उमेदीच्या काळात इंडिया ऑफिसातही बसून आलेला होता, ब्रिटिश खजिन्याच्या विनंतीवरून 'प्लेन वर्ड्स' नावाचे एक लहानसे पुस्तक लिहिले, आणि सरकारी नोकरांना असे विलक्षण शिकवले, की पत्र लिहिण्यापूर्वी आपल्याला काय म्हणायचे आहे याचा विचार करावा, व ते म्हणून झाल्यावर थांबावे. या सद्गृहस्थांच्या चरित्रातील एक विसंगती मला फार आवडते. १९४९ पासून १९५३ पर्यंत देहान्तशिक्षेचा विचार करणाऱ्या शाही आयोगाचे ते अध्यक्ष होते, आणि त्या कामातूनच माणसाला फाशी देऊ नये असे त्यांचे मत बनले. परंतु कचेरीतील जुन्या शब्दप्रयोगांच्या बाबतीत त्यांच्याकडे दयेचा अर्ज चालत नसे. त्यांच्या व त्यांच्यासारख्यांच्या शिकवणीचा परिणाम असा झाला, की आजोबांच्या लेखणीवर रुळलेले शब्द नातवांना अपरिचित झाले, आणि आम्ही मात्र, थोरल्या घरातून मिळालेली भांडी मोडीत न घालता घासूनपुसून वापरावीत तशी, ती भाषा वापरीत राहिलो. चूक असलीच तर एवढीच की, मूळ मालकाला त्याचीच भांडी ओळखता आली नाहीत.

जाता जाता त्या भांड्यांतील एका फुटक्या भांड्याविषयी सांगितले पाहिजे. रजेच्या अर्जाअखेर आपण 'अँड ऑब्लाइज' म्हणून पूर्णविराम देतो. ऑब्लाइज, म्हणजे उपकृत करावे, पण कोणाला? मूळ इंग्रजी रीतीत या क्रियापदाचे कर्म खालच्या ओळीत, सहीच्या डोक्यावर असे: रजा द्यावी आणि उपकृत करावे, आपल्या आज्ञाधारक सेवकाला. वाक्य आणि सही यांचे असे लग्न लागलेले होते. आपण मध्ये पूर्णविराम ठोकून त्यांची फारकत केली, आणि तेव्हापासून ते बिचारे उपकार दीडशे वर्षे अर्जाच्या तळाशी निराधार उभे आहेत.

परंतु इतर अनेक प्रयोग आले आणि गेले असता 'नीडफुल'नेच या मातीत एवढे मूळ का धरावे? माझ्या मते त्याचे कारण असे, की ते आले तेव्हा जागा तयार होती. जुन्या दप्तरांतील मोडी पत्रे ज्यांनी चाळली आहेत त्यांना ठाऊक आहे, की राजश्रियाविराजितापासून आरंभ करून, मजकुराचा घाट चढून, मराठी चिटणीस जेव्हा लेखनसीमेपाशी येई तेव्हा तो एक दीर्घ उसासा टाकून लिहीत असे: बहुत काय लिहिणे, सुज्ञ असा. या शेवटच्या दोन शब्दांत केवढी मुत्सद्देगिरी आहे पाहा. फौज पाठवा असे म्हटले नाही, पैका पाठवा असे म्हटले नाही. समोरच्याला केवळ शहाणा म्हटले, आणि आता काही न करील तर तो शहाणा ठरणार नाही अशी तजवीज केली. पेशवाई १८१८ मध्ये बुडाली, पण 'सुज्ञ असा' बुडाले नाही. इंग्रजी अंगरखा घालून ते पुन्हा त्याच गादीवर येऊन बसले. शिवछत्रपतींनी राज्यव्यवहारकोश करवून फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द योजले. नव्या महाराष्ट्रात १९६० साली भाषा संचालनालय निघाले आणि १९६४ साली राजभाषेचा कायदा झाला. 'तजवीज'ची 'कार्यवाही' झाली, 'अर्जदार मजकूर'चे 'उक्त अर्जदार' झाले. पण शब्द बदलले तरी वाक्य हलले नाही. (कार्यवाही आणि कारवाई यांतील भेद मात्र पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. आपल्या थकलेल्या निवृत्तिवेतनासंबंधी 'माझ्यावर योग्य ती कारवाई व्हावी' अशी लेखी मागणी करणारा एक सज्जन मी स्वतः परत पाठवला आहे.)

या वाक्याची दीक्षा मला मिळाली ती आमच्या कचेरीतील अव्वल कारकुनांकडून. आम्ही सर्व त्यांना भाऊसाहेब म्हणत असू. रुजू होऊन मला पंधरवडाही झाला नव्हता, तोच आवक बारनिशीतून एक कागद माझ्या टेबलावर आला. एका गावच्या चावडीच्या भिंतीत पिंपळ उगवला असून त्यामुळे भिंतीस भेग गेली आहे, सबब योग्य ती तजवीज व्हावी, असे तलाठ्याने लिहिले होते. त्याखाली सर्कलने 'फॉर नीडफुल' असा शेरा मारला होता. आणि त्याखाली साहेबांची अशी सही होती, की तीतही एखादा पिंपळ उगवल्याचा भास व्हावा. मी कागद घेऊन भाऊसाहेबांपुढे उभा राहिलो.

"यावर मी काय करू?"

"काय लिहिलंय?"

"फॉर नीडफुल."

"मग नीडफुल करा."

"पण भाऊसाहेब, नीडफुल म्हणजे काय?"

भाऊसाहेबांनी चष्मा काढला. "अहो, ते तुम्ही ठरवायचं असतं तर सरकारनं तुम्हाला मामलेदार नसतं का केलं? तुम्ही एवढंच ठरवायचं, की ते कुणी करायचं. ठरलं की त्याच्याकडे कागद पाठवून द्यायचा."

भिंत इमारतीचा भाग असल्यामुळे मी कागद बांधकाम खात्याकडे रवाना केला. सात महिन्यांनी तो परत आला: भिंत या खात्याची असली तरी तक्रार झाडाची आहे, सबब फॉर नीडफुल. मी तो जंगल खात्याकडे पाठवला. तेथून वर्षाने उत्तर आले, की सदरहू वृक्ष जंगलात नसून चावडीत आहे, आणि चावडी महसुलाची आहे, सबब फॉर नीडफुल. दरम्यान कागदाला इतकी पुरवणीपाने जोडली गेली होती, की मूळ अर्ज त्यात, भिंतीतल्या पिंपळाच्या बीजाप्रमाणे, कुठेतरी खोल दडून बसला होता. तिसऱ्या वर्षी कंटाळून मी भाऊसाहेबांना विचारले, की एवढ्या सगळ्या शहाण्या माणसांपैकी कोणीही 'पिंपळ तोडावा' एवढे दोन शब्द का लिहू नयेत? तेव्हा त्यांनी इकडेतिकडे पाहून हलक्या आवाजात सांगितले, "पिंपळ तोडा असं सहीनिशी लिहिणारा माणूस अजून जन्माला यायचाय. मुंजा तुमच्या मागं लागला तर त्याची तजवीज कोणतं खातं करणार?"

त्या क्षणी मला या वाक्याचे मर्म उमगले. त्यातील अस्पष्टता अज्ञानातून आलेली नव्हती, फार सखोल ज्ञानातून आलेली होती. तलाठ्याला काय करावयाचे ते पक्के ठाऊक होते, सर्कलला होते, साहेबांना होते, आणि म्हणूनच त्यांपैकी कोणी ते लिहिले नाही. पुढे गावकऱ्यांनी त्या पिंपळाला पार बांधला, श्रावणातल्या शनिवारी बायका त्याला सूत गुंडाळू लागल्या, चावडी नव्या इमारतीत गेली आणि कागद दप्तरी दाखल झाला. एकंदर प्रकरणात ज्याने विनातक्रार आपल्यापुरते नीडफुल केले, असा एक पिंपळच.

तरीही इंग्रजी वाक्यात एक कच्चा दुवा आहे, आणि मराठीने तो भरून काढला आहे, हे भाषाभिमानाने सांगावेसे वाटते. 'डू' म्हटले की कोणाला तरी म्हटले जाते. ते आज्ञार्थी क्रियापद असल्यामुळे वाचणाऱ्याकडे, कितीही आदबीने का होईना, बोट दाखवतेच. आपण लिहितो, 'योग्य ती कार्यवाही व्हावी.' दादोबा पांडुरंगांनी १८३६ साली मराठीचे व्याकरण प्रसिद्ध केले, तेव्हापासून आपल्याला वाक्याचा कर्ता शोधण्याची सवय आहे. तो या वाक्यात शोधून पाहा. कर्ता आहे कार्यवाही. साहेब नाही, कारकून नाही, पट्टेवाला नाही. पाऊस पडावा, फुले उमलावीत, तशी कार्यवाही आपल्या आपण व्हावी. आणि न झाल्यास दोष द्यायचाच तर तो तिला द्यावा.

घरगुती मराठीने तर यापुढे मजल मारली आहे. नीडफुलाला प्रतिशब्द शोधीत मी दोन दिवस कोश चाळले, आणि तिसऱ्या दिवशी तो स्वयंपाकघरातून ऐकू आला. "गॅसचं काय ते बघा हो." काय ते! दोन शब्द, पाच मात्रांचा ऐवज, आणि त्यात सिलिंडरचा नंबर लावणे, रेग्युलेटर तपासणे, माणूस आल्यास घरी थांबणे व सुटे पैसे जवळ ठेवणे एवढ्या सर्वांचा समावेश. मुलीच्या लग्नाचे काय ते ठरवा, वाटणीचे काय ते करून टाका, त्याला काय ते समजावून सांगा: आपल्या संसारातील एकही महत्त्वाचा निर्णय या सर्वनामाच्या मध्यस्थीवाचून झालेला नाही. आणि योगायोगाची परिसीमा पुढेच आहे. इंग्रजी बोलीत 'द नीडफुल' याचा अठराव्या शतकापासून आणखी एक अर्थ आहे, तो म्हणजे रोकड पैसा; खिशात नीडफुल आहे का, असे तिकडे विचारीत. आपल्याकडेही अडलेले काम सोडवायला गेलेला मनुष्य आवाज खाली आणून म्हणतो, "तुमचं काय ते बघू." दोन भाषा, मध्ये सात समुद्र, आणि संकोच दोघींचा एकच! कचेरीच्या कागदावर 'फॉर नीडफुल' वाचून काही पक्षकारांचा हात आपसूक खिशाकडे का जात असे, याचा उलगडा मला व्हायला सेवानिवृत्ती उजाडावी लागली.

रविवारी भाच्याला मी माझा अहवाल तोंडी सादर केला. वाक्य शुद्ध आहे, म्हणालो. नियम एवढाच, की नीडफुल काय ते वर मजकुरात आधी लिहिलेले असेल तरच खाली ते करायला सांगावे. तो क्षणभर गप्प राहिला. "म्हणजे मामा, जिथं ते बरोबर आहे तिथं ते लिहायची गरजच नाही?" मुलगा हुशार आहे. उगाच लंडनला गेलेला नाही.

त्याला उपदेश केल्यावर आपणही एकदा तसे आचरण करावे या बुद्धीने, आमच्या घराच्या कोपऱ्यावरील सार्वजनिक नळ तीन आठवडे गळत होता त्याविषयीचा अर्ज मी सर अर्नेस्ट गॉवर्सना स्मरून लिहिला. नळ कुठे आहे, कोणत्या दिवसापासून गळतो, आटा झिजला आहे, तो बदलावा, पाणी बंद करण्याची चावी कोणत्या झाकणाखाली आहे. सगळे आठ ओळींत. संबंधित कार्यालयातील मुलीने तो दोनदा वाचला. मग म्हणाली, "आजोबा, अर्ज छान आहे, पण यात मागणी कुठंय?" मी आट्याच्या ओळीवर बोट ठेवले. "ती माहिती झाली. शेवटी 'योग्य ती कार्यवाही व्हावी' एवढं लिहा ना, म्हणजे मला घेता येईल." तिनेच पेन पुढे केले. मी लिहिले. हात अजून वळत होता.

चौथ्या दिवशी शेजारच्या बिऱ्हाडात नळकाम करायला एक माणूस आला होता. हिने गॅलरीतून त्याला हाक मारली, "अहो दादा, जाता जाता त्या कोपऱ्यावरच्या नळाचंही काय ते बघा." त्याने पिशवीतून पान्हा काढला, दहा मिनिटांत आटा बदलला, चहा घेतला, आणि किती झाले असे मी विचारताच नजर दुसरीकडे वळवून म्हणाला, "द्या काय ते."

सव्वा महिन्याने लखोटा आला. आपल्या अर्जातील विषयाच्या अनुषंगाने कळविण्यात येते की, सदर नळाबाबत आवश्यक ती कार्यवाही झालेली आहे. मी चष्मा लावून पत्र पुन्हा एकदा वाचले. त्यातला एकही शब्द खोटा नव्हता.